लढाऊ वैमानिकाचे लेदर जॅकेट जमवू इच्छिणाऱ्यांस सूचना

सर्वप्रथम अभिनंदन. तिकिटे, नाणी, पितळी अडकित्ते, ग्रामोफोनच्या तबकड्या असे निरुपद्रवी छंद असताना तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांची चामडी जॅकेटे जमवायचे ठरवले आहे. म्हणजे तुमच्याजवळ बरेच पैसे आहेत, किंवा लवकरच ते नसतील. या छंदाला वयाची, शिक्षणाची, उंचीची अट नाही. छातीची आहे. १९४२ साली अमेरिकेने ज्या पोरांना विमानात बसवले ती विशीतली आणि सडपातळ होती. त्यांची जॅकेटे ३६, ३८, फार तर ४० नंबरची. पन्नाशीतल्या सुखवस्तू मराठी संग्राहकाचा एक हात त्यात जातो. दुसरा घालेपर्यंत पाठीची शिवण बोलू लागते. म्हणून पहिली सूचना: जॅकेट अंगात घालून पाहू नका. विकणारा "घालून तर बघा, साहेब" म्हणाला तरी नाही. उसवले की ते तुमचे झाले, आणि तो सांगेल त्या किमतीला झाले.

दुसरी सूचना: "आपल्या हवेत कशाला हवंय हे?" असे कुणी विचारले तर शांतपणे सांगा, की अमेरिकी लष्कराच्या कागदोपत्री यातले सर्वांत प्रसिद्ध जॅकेट 'उन्हाळी' म्हणूनच नोंदलेले होते. हे खरे आहे. मे महिन्यात दादर स्टेशनवर हे वाक्य उच्चारू नये, एवढेच.

चार नावे पाठ करा

नवशिक्याला चार नावे पुरतात: ए-टू, बी-थ्री, जी-वन आणि अर्व्हिन. नावाआधी 'टाइप' लावायला विसरू नका. 'टाइप ए-टू' म्हटले की समोरचा तुम्हाला जाणकार समजतो आणि त्या मानाने किंमत सांगतो.

ए-टू हे या पंथाचे कुलदैवत. अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने ते ९ मे १९३१ रोजी अधिकृत केले. त्याआधीच्या ए-वनला बटणे होती आणि विणलेली लोकरी कॉलर. ए-टूला चेन आली, चामड्याची कॉलर आली, ती वाऱ्याने फडफडू नये म्हणून खाली टिचबटणांनी अडकवायची सोय आली, खांद्यावर पट्ट्या आल्या. मनगटाला आणि कमरेला विणलेली लोकरी पट्टी मात्र राहिली. आत अस्तर आधी रेशमी, पुढे सुती. चामडे बहुधा घोड्याचे. काही कंत्राटांत बकऱ्याचे. छातीखाली झाकणाचे दोन खिसे, आणि ते वरूनच उघडणारे. बाजूने हात खुपसायची सोय नाही, कारण सैनिकाचे खिशात घातलेले हात कुठल्याच लष्कराला आवडत नाहीत. तुम्हाला दाखवलेल्या '१९४२ च्या' जॅकेटात बाजूने ऊबदार खिसा असेल आणि हात त्यात आरामात जात असेल, तर तो तसाच बाहेर काढा, नमस्कार करा आणि घरी जा.

हे शिवणारे कोण होते? शिकागोच्या जे. ए. डुबाउ कंपनीचा मूळ धंदा खेळाच्या सामानाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावची एरो लेदर, पेन्सिल्वेनियातल्या मिडलटाउनची रफ वेअर, न्यूबर्गची पेरी स्पोर्ट्सवेअर, अशा डझनाहून अधिक कंपन्यांना लष्कराने कंत्राटे दिली. सगळ्यांना नकाशा एकच दिला, क्रमांक ३०-१४१५. तो समोर ठेवून प्रत्येकाने शिवले आणि प्रत्येकाची कॉलर वेगळी निघाली. खिशाच्या झाकणाचे टोक कुणाचे अणकुचीदार, कुणाचे गोलसर. खांद्याच्या पट्टीवरची शिवण कुणाची चौकोनी, कुणाची फुलीची. सरकारी कामात सगळीकडे होते तेच झाले, पण या छंदाचा निम्मा आनंद त्या ढिसाळपणावर उभा आहे. पट्टीचा संग्राहक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून झाकण पाहून "रफ वेअर" म्हणतो. काही तर कंपनीचे नावही घेत नाहीत, नुसता कंत्राटाचा आकडा म्हणतात: "सत्तावीस सातशे बावन्न." तुम्हीही बिनधास्त आकडा म्हणा. चुकलाच, तर "उशिराच्या खेपेतलं दिसतंय" अशी पुस्ती जोडा. ऐकणारा मान डोलावतो. त्यालाही ठाऊक नसते.

१९४३ मध्ये लष्कराने ए-टूची नवी कंत्राटे बंद केली आणि कापडी बी-टेन आणले. कापडी जॅकेट जास्त ऊबदार होते. पोरांना ते नको होते. ज्याच्याजवळ ए-टू होते त्याने ते सोडले नाही आणि ज्याच्याजवळ नव्हते तो ते मिळवण्याच्या खटपटीत राहिला. लष्कराने बंद केलेली वस्तू अंगावर असणे म्हणजे मी आधीपासून इथे आहे, हे न बोलता सांगणे. सगळ्या वसतिगृहांत, सगळ्या कारखान्यांत हे असते. तिथे मात्र आधीपासून असण्याचा अर्थ अजून जिवंत असणे हाही होता.

बाकीची तीन नावे थोडक्यात. बी-थ्री म्हणजे मेंढीचे कातडे, लोकर आत, चामडे बाहेर. अधिकृत झाले १९३४ मध्ये. पंचवीस हजार फुटांवर बी-१७ या बॉम्बफेकी विमानाच्या उघड्या खिडकीशी मशीनगन धरून उभ्या असलेल्या पोराला उणे ४० अंशांत गोठू न देणे हे त्याचे काम. एक बी-थ्री टांगले की कपाटाचा अर्धा कप्पा संपतो. शिवाय त्याचे चामडे पातळ. ऐंशी वर्षांनी ते शिवणीशी जुन्या पापडासारखे तुटते. नवशिक्याने पाहावे, हात लावू नये.

अर्व्हिन हा त्याचा इंग्रज भाऊ, पण बाप अमेरिकन. लेस्ली अर्व्हिन या पठ्ठ्याने २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत मॅकूक फील्डवर विमानातून उडी मारून हवेत स्वतःच्या हाताने पॅराशूट उघडून दाखवले. उतरताना घोटा मोडला, पण मुद्दा सिद्ध झाला. १९२६ मध्ये त्याने इंग्लंडात लेचवर्थला कारखाना काढला आणि पुढे रॉयल एअर फोर्ससाठी मेंढीच्या कातड्याचे जॅकेट बनवले. सुरुवातीची अर्व्हिने मोठाल्या सलग कातड्यांची. युद्ध लांबले, मोठी कातडी मिळेनात, मग लहान तुकडे जोडून शिवू लागले. म्हणून तुकडे मोजा. त्यावरून काळाचा अंदाज येतो. समुद्रावर गस्त घालणाऱ्यांच्या काही अर्व्हिनांना पिवळीधमक टोपी शिवलेली असते, पाण्यात पडलेला माणूस वरून दिसावा म्हणून. ती टोपी असलेले जॅकेट हाती लागले तर ओरडू नका. किंमत तुमच्या आवाजावरून ठरते.

जी-वन हे अमेरिकी नौदलाचे, बकऱ्याच्या कातड्याचे, केसाळ कॉलरचे. १९८६ च्या 'टॉप गन' चित्रपटात टॉम क्रूझने ते घातले आणि तेव्हापासून त्याबद्दल शांतपणे बोलणे अशक्य झाले आहे. पुढे चला.

दहात दोन

आता थोडे गणित. बी-१७ मध्ये साधारण दहा माणसे असत. त्यांत वैमानिक दोन. उरलेले आठ म्हणजे बॉम्ब टाकणारा, दिशा सांगणारा, रेडिओवाला, इंजिनिअर आणि गनर. जॅकेट वैमानिकांनाही मिळे, बाकीच्यांनाही. म्हणजे बाजारात येणाऱ्या दर दहा जॅकेटांपैकी आठ बिगर-वैमानिकांची असायला हवीत. प्रत्यक्षात तुम्हाला कुठेही गनरचे जॅकेट कुणी विकताना दिसणार नाही. सगळी वैमानिकांची. तीही फायटर वैमानिकांची. त्यातही एका तरी शत्रूच्या विमानाला लोळवलेल्यांची. इंग्लंडातून उडणाऱ्या अमेरिकी आठव्या हवाईदलातले २६,००० हून अधिक लोक युरोपच्या आभाळात मेले, त्यांत या गनरांची संख्या काही कमी नव्हती; त्यांची जॅकेटे बाजारात आल्यावर बढती घेतात.

माझे मत विचाराल तर गनरचे जॅकेट घ्यावे. खोटे बोलून गनर होणारा मला अजून भेटलेला नाही.

आणखी एक कटू सत्य पचवून ठेवा. जड बॉम्बफेकी विमानांतल्या पोरांनी प्रत्यक्ष मोहिमेवर वरून मेंढीचे कातडे घातले, पुढे विजेच्या तारा विणलेले सूट घातले. ए-टू एकतर त्याच्या आत दडलेले असे किंवा तळावर राही. त्याने जे युद्ध पाहिले त्यातला मोठा भाग इंग्लंडच्या चिखलात, मेसमध्ये, सायकलवर आणि गावातल्या पबात पाहिला. बाहीवर डाग दिसला आणि विकणारा हलक्या आवाजात "रक्त" म्हणाला, तर बिअर हा पर्यायही मनात धरा.

हत्यारे आणि तपासणी

लागणारे सामान: एक भिंग, एक छोटी बॅटरी, नोटा तपासतात तसला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि निर्विकार चेहरा. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, सरावाने येते.

आधी मानेमागचे लेबल वाचा. त्यावर प्रकार, नकाशाचा क्रमांक, कंत्राटाचा क्रमांक, कंपनीचे नाव असते. तिथे 'एअर फोर्स' बरोबर 'यू. एस. आर्मी' हे शब्द असायला हवेत, कारण त्या काळी अमेरिकेचे हवाईदल लष्कराचेच अंग होते. ते स्वतंत्र झाले १८ सप्टेंबर १९४७ रोजी. लेबलावर नुसते स्वतंत्र हवाईदलाचे नाव असेल तर ते जॅकेट हिटलरला उशिरा पोहोचले. यात एक गोड सापळा आहे. १९८८ मध्ये अमेरिकी हवाईदलाने ए-टू पुन्हा वापरात आणले, बकऱ्याच्या कातड्याचे आणि जरा ऐसपैस मापाचे. ते खरे सरकारी, खरे ए-टू आणि खऱ्या वैमानिकाचे असते. विकणाऱ्याची तिन्ही विधाने सत्य. युद्ध तेवढे आखातातले.

मग चेन. टॅलन, क्राउन, कॉनमार ही नावे भिंगातून शोधा. लेबल जुने आणि चेन नवी असेल तर घाबरू नका. चेन आधी मरते, कुणीतरी बदलली असणार. चेन जुनी आणि लेबल कोरे करकरीत असेल तर घाबरा. लेबले नवी विणून मिळतात.

विणलेल्या पट्ट्या लोकरीच्या, म्हणून त्यांना कसर लागते. कमरेच्या पट्टीला चार भोके असणे हे कुलीनतेचे लक्षण माना. ऐंशी वर्षांची पट्टी काल विणल्यासारखी दिसली तर ती काल विणलेली असण्याची शक्यता दांडगी. बदललेली पट्टी हा गुन्हा नाही. बदलली हे न सांगणे हा आहे.

टॉर्चचे काम अंधारात. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धाग्यांत आणि साबणांत जी रसायने येतात ती युद्धानंतर सर्रास झाली. अल्ट्राव्हायोलेट उजेडात ती निळसर चमकतात. छातीवर शिवलेल्या स्क्वाड्रनच्या बिल्ल्याचा धागा अंधारात लखलखला, तर बिल्ला १९४४ चा असला तरी शिवणारा नंतरचा. पण इथेही डोके शाबूत ठेवा: खरा जुना बिल्लाही कुणा बिचारीने १९७० साली मशीनमध्ये धुतला असेल तर चमकतो. टॉर्च संशय देतो, निकाल देत नाही.

आता झीज पाहा, इथे घाई करू नका. माणूस कपडा वापरतो तेव्हा तो ठरावीक जागी झिजतो: कॉलरच्या घडीवर, खिशाच्या झाकणाच्या काठाला, मनगटाच्या पट्टीच्या अगदी वरच्या कडेला, कोपराच्या आतल्या सुरकुत्यांत. कारागिराने सँडपेपर मारलेली झीज जिथे गिऱ्हाईक बघते तिथे असते, म्हणजे छातीवर आणि खांद्यावर. डाव्या छातीवर तिरप्या उजेडात बॅटरी धरा. नावाची चामडी पट्टी कधी काळी तिथे होती आणि काढून टाकली, तर तिचा आयत दिसतो: आतले चामडे ऊन न लागल्याने गडद आणि कडेने सुईच्या भोकांची बारीक रांग. ही रांग बोटाच्या पेराने जाणवते. नाव गेले तरी नावाची जागा शिल्लक राहते, आणि नकली जॅकेटावाल्याला ही जागा घडवायचे सहसा सुचत नाही.

शेवटी वास. खऱ्या जॅकेटाला माळ्याचा, धुळीचा, जुन्या तंबाखूचा वास असतो. बूटपॉलिश आणि कॉफीचा वास आला तर त्याला नुकतेच म्हातारे करण्यात आले आहे. दुकानात चारचौघांत जॅकेटात नाक खुपसणे ज्याला लाजिरवाणे वाटते त्याने नाण्यांकडे परत जावे.

पाठीवरचे चित्र

सगळ्यात महाग तो पाठीवर रंगवलेला माल. इंग्लंडातल्या तळांवर विमानाच्या नाकावर बाई रंगवायची आणि तीच बाई जॅकेटाच्या पाठीवर रंगवून घ्यायची अशी रीत होती. बॅसिंगबर्नच्या तळावरचा ९१ वा बॉम्ब ग्रूप यासाठी प्रसिद्ध. त्यातल्या 'मेम्फिस बेल' विमानाच्या मंडळींनी मे १९४३ मध्ये २५ मोहिमा पुऱ्या केल्या आणि त्यांच्या जॅकेटांवर विमानाचे नाव आणि बॉम्बच्या रांगा झळकल्या. एक मोहीम, एक बॉम्ब.

म्हणून बॉम्ब मोजा. आठव्या हवाईदलात २५ मोहिमा झाल्या की पोरगा घरी जाई. १९४४ मध्ये हा आकडा आधी ३० आणि मग ३५ झाला. इंग्लंडातल्या तळाचा बिल्ला आणि पाठीवर ५० बॉम्ब, असे दिसले की चित्रकाराचा हात जरा सैल सुटला असे समजावे. पण लगेच हसू नका. इटलीतून उडणाऱ्या पंधराव्या हवाईदलाची मर्यादा ५० होती आणि तिथे अवघड मोहीम दोनदा मोजली जाई. बिल्ला कुणाचा ते पाहून मगच हसावे. बॉम्बऐवजी बदक दिसले तर ती शत्रूला हुलकावणी देणारी फेरी. उंट दिसला, तर हिमालयावरून चीनला केलेली खेप. आखातातला उंट, सौदीतला उंट असले तर्क चारचौघांत बोलू नयेत.

रंगाचे वय ओळखायची जागा म्हणजे भेगा. भिंग अगदी जवळ न्या. चित्र जुने असेल तर चामड्याला चीर पडली तेव्हा रंगालाही पडली; चिरेच्या दोन्ही कडांना रंग तुटलेला आणि तळाशी उघडे, कोरडे तपकिरी चामडे. चित्र नवे असेल तर चीर आधीची, आणि ब्रशमधला रंग तिच्या तळापर्यंत ओघळलेला. एवढे एक पाहायला शिकलात तरी तुमचे हजारो डॉलर वाचतील, जे तुम्ही अर्थातच दुसऱ्या जॅकेटावर घालवाल.

किंमत नावाची

घोड्याचे कातडे ते कातडेच. दोन सारखी ए-टू शेजारी ठेवा, एक निनावी आणि एकावर नाव, विमान, स्क्वाड्रन सगळे सिद्ध झालेले. दुसरे पहिल्याच्या कितीतरी पटींनी जाते. तुम्ही जॅकेट विकत घेत नसून एका माणसाबद्दलचा पुरावा विकत घेता आहात, आणि पुरावा चामड्यात नसतो, कागदात असतो. विकणाऱ्यांना हे तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. म्हणून कागद नसेल तिथे गोष्ट येते.

गोष्टी ठरलेल्या असतात. आजोबांचे होते. आजोबा बोलत नसत. आजोबांचे नाव सांगता येत नाही, कारण काम गुप्त होते. घरातल्यांना पैशांची नड आहे म्हणून, नाहीतर हे देण्यासारखे नव्हते. ऐकताना डोळे ओले होऊ द्यावेत, हात खिशाबाहेर काढू नये. गोष्ट फुकट ऐकावी. तिचे पैसे देऊ नयेत.

नाव नसलेल्या जॅकेटातही नाव सापडते. अस्तरावर, लेबलाशेजारी किंवा कॉलरखाली एक अक्षर आणि चार आकडे शाईने लिहिलेले आहेत का पाहा. ती धोब्याची खूण: आडनावाचे पहिले अक्षर आणि सैनिकी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. तळावरची हजारो पोरांची धुणी एकत्र जात. मिसळू नयेत म्हणून ही सोय. एवढ्या तुटपुंज्या धाग्यावरून लोक माणसापर्यंत पोहोचले आहेत. बेपत्ता विमानांचे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, प्रत्येकात त्या विमानातल्या सगळ्यांची नावे आणि क्रमांक. ते वाचायला लागलात की रात्रीचे दोन कसे वाजतात कळत नाही.

सैनिकाची वैयक्तिक फाइल मात्र बहुधा मिळणार नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि दीड कोटीहून अधिक फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात जळाल्या, आणि युद्धकाळातले हवाई सैनिक लष्कराचेच. त्या आगीने इतिहासकारांचे नुकसान केले तसे काही विक्रेत्यांचे भले केले. "फाइल असती, पण ती आगीत..." हे वाक्य ऐकाल तेव्हा मान हलवा आणि धोब्याची खूण दाखवायला सांगा.

आपल्याकडे सापडेल का?

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडून पाहायला हरकत नाही. पाय मोकळे होतात, चहा मिळतो. जॅकेट मिळेल ते मोटारसायकलवाल्याचे. तरी दुवा अगदीच खोटा नाही. चीन-बर्मा-भारत आघाडीवर येणारे कितीतरी अमेरिकी सैनिक मुंबईच्या बंदरात उतरले आणि आगगाडीने पूर्वेकडे गेले. आसामातल्या छाबुआ, दिनजान, तेजपूरहून हिमालय ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला सामान पोहोचवणाऱ्या विमानांनी १९४२ ते १९४५ मध्ये साडेसहा लाख टनांच्या आसपास माल नेला. उंटांच्या त्या रांगा इथल्या. या आघाडीचा बिल्ला म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ढाल, वर निळ्या पट्टीत एका बाजूला चीनचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला भारताचा तारा. अमेरिकेतून आलेला बिल्ला मशीनवर शिवलेला. पण पोरांना तो पसंत पडेना, म्हणून त्यांनी इथल्या कारागिरांकडून चामड्यावर आणि जरीत करवून घेतला. अमेरिकेत आज त्या जरीच्या बिल्ल्यांसाठी माणसे भांडतात. कारागिराचे नाव कुठल्याच लेबलावर नाही.

आपल्या वैमानिकांचे काय? १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिक इंग्लंडला गेले. त्यातले महिंदरसिंग पुज्जी पगडी बांधूनच हरिकेन उडवत. मुंबईत जन्मलेले ऋषिकेश मुळगावकर बर्मा आघाडीवर लढले आणि १९७६ मध्ये हवाईदलप्रमुख झाले. पण आराकानच्या घामट जंगलावर उडणाऱ्याला मेंढीच्या कातड्याशी काय देणे-घेणे? तिथे खाकी सुती कपडे. तेव्हा "बर्मातून आणलेले, मराठी वैमानिकाचे अर्व्हिन" असे कुणी दाखवले, तर आधी त्याला घामोळ्याची पावडर विचारा.

पावसाळा आणि नातेवाईक

परदेशातून मागवलेले जॅकेट कस्टममधून सुटून घरी आले की खरे संकट सुरू होते. (१९४२ च्या वस्तूला पुराणवस्तू म्हणून सवलत मागू नका. शंभर वर्षे भरायची आहेत. २०४२ मध्ये बोलू.) चामड्याला ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. जुलैत मुंबईला हवेत किती पाणी असते ते तुमची भिंत सांगेल. कपाट बंद ठेवले की आठवड्यात कॉलरवर पांढरी बुरशी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले तर त्याहून लवकर. जुन्या मऊ सुती साडीचे आवरण शिवा, रुंद खांद्याच्या, कापड गुंडाळलेल्या हँगरवर टांगा, सिलिकाच्या पुड्या ठेवा आणि वरचेवर बदला. दोन-चार दिवसांनी पंख्याखाली, उन्हात नव्हे. डांबरगोळ्या चामड्याला चिकटू देऊ नका. बुरशी आलीच तर खोलीबाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झटका, तोंडाला फडके बांधून.

तेल लावू नका. घरातली वडीलधारी मंडळी खोबरेल सुचवतील, शेजारचे काका एरंडेल, एखादा भाचा बूटक्रीम. सगळ्यांचा आदर राखा आणि कपाटाला कुलूप लावा. तेलाने चामडे क्षणभर तुकतुकीत दिसते, मग मऊ पडते आणि शिवणीतला दोरा कुजतो. हाताला लालसर भुकटी लागू लागली तर ते चामड्याचे अखेरचे दुखणे. त्यावर घरगुती उपाय नाही. वस्तुसंग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाला विचारावे आणि तोवर जॅकेट आडवे ठेवावे.

घालायची हौस असेल तर नक्कल घ्या. जपानची बझ रिक्सन्स आणि रियल मॅककॉइज, इंग्लंडची ईस्टमन, स्कॉटलंडची एरो अशा कंपन्या एकेका जुन्या कंत्राटाची शिवणीगणिक नक्कल करतात, घोड्याचे कातडे, चेन, लेबलाचा विणकामातला दोष यांसह. तुमच्या मापात मिळते, ही त्यांनी केलेली एकमेव ऐतिहासिक चूक. नुसते लेदर जॅकेटच हवे असेल तर धारावीत उत्तम शिवून मिळते आणि उरलेल्या पैशांत कुटुंबासह महाबळेश्वर होते, जिथे ते घालताही येईल.

एवढे वाचूनही खरे जॅकेट घेतलेच, तर एक काम त्याच दिवशी करा. लेबल, चेन, धोब्याची खूण आणि पाठ यांचे फोटो काढा. कुठून घेतले, कुणाकडून, काय सांगून, कंत्राटाचा क्रमांक कोणता, नावाबद्दल काय खात्रीचे आणि काय ऐकीव, हे एका कागदावर शाईने लिहून एका खिशात ठेवा. पट्टी नवी लावली असेल, चेन बदलली असेल, तर तेही. तुमच्यामागे हे ज्याच्या हाती पडेल तो तुमचा मुलगा असो की भंगारवाला, त्याला गोष्टीऐवजी कागद मिळू द्या. किंमत लिहायची असेल तर खरी लिहा. घरी सांगितलेली किंमत वेगळ्या चिठ्ठीवर, दुसऱ्या खिशात.